गार्बारेक ऐकायचाय? मग पहिल्या तबकडीपासून सुरू करू नका

डिसेंबर 2024 मध्ये झाकीर हुसेन गेले. पुढचे काही आठवडे जो तो त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं काढून बसला होता. त्यात 1987 सालचं 'मेकिंग म्युझिक' हमखास हाती लागायचं. तबल्यावर झाकीरभाई, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन. इथपर्यंत सगळे ओळखीचे. पण चौथा? 'तो सॅक्सोफोनवाला कोण रे?' असं मला त्या महिन्यात तिघांनी विचारलं. मी नाव सांगितलं, तिघांनी ते शोधलं आणि आठवडाभरात तिघेही वैतागून परत आले. एक म्हणाला, हे तर चर्चमधलं गाणं आहे. दुसऱ्याला नुसता गोंगाट ऐकू आला होता. तिसऱ्याच्या मते हॉटेलच्या लॉबीत मंद आवाजात लावतात त्यातलं काहीतरी होतं. आणि तिघांनी ऐकलेला माणूस एकच होता, यान गार्बारेक.

त्या तिघांना मी नावाबरोबर जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय. सुरुवात कुठून करायची, कुठे रेंगाळायचं, काय खुशाल वगळायचं.

गार्बारेक नॉर्वेचा. जन्म 4 मार्च 1947, म्यूसेन गावचा, वाढला ओस्लोत. वडील पोलिश, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी म्हणून नॉर्वेत आलेले आणि तिथेच राहिलेले. आई नॉर्वेजियन. तरी त्या वेळच्या कायद्याने मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळालं नाही, वयाची पहिली सात वर्षं हा पोरगा कोणत्याच देशाचा नव्हता. त्याच्या संगीताशी याचा संबंध जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही, फक्त सांगून ठेवतो.

पुढे हा माणूस पन्नासेक वर्षं निरनिराळ्या घरी पाहुणा म्हणून गेला. सोळाव्या शतकातलं लॅटिन चर्चसंगीत, सामी लोकांचं जोइक गायन, ब्राझीलची गिटार, ट्युनिशियाचं ऊद हे तंतुवाद्य, पतियाळा घराण्याचा ख्याल. घराघराची रीत निराळी, याचा सूर मात्र सगळीकडे तोच. म्हणून माझी युक्ती अशी की आधी तो सूर कानात पक्का बसवायचा आणि मग घरं बदलायची. माझ्या मित्रांनी उलटं केलं. तिघे तीन घरांत शिरले आणि भिंतींचे रंग बघून बाहेर आले.

आधी थोडी जमवाजमव

नावाचं स्पेलिंग 'जे' पासून सुरू होतं, उच्चार 'यान'. फोनला तोंडी विचारणार असाल तर मात्र 'जॅन' म्हणा, नाहीतर तो भलतंच काहीतरी काढून देतो.

1970 पासूनच्या त्याच्या स्वतःच्या जवळजवळ सगळ्या तबकड्या ईसीएम या एकाच कंपनीच्या आहेत. मान्फ्रेड आयशर यांनी ती 1969 मध्ये म्युनिकला सुरू केली. 2017 च्या नोव्हेंबरपर्यंत या कंपनीने आपलं संगीत स्ट्रीमिंगवर दिलंच नव्हतं, त्यामुळे तोवर सीडी मिळवणं हा एक उद्योग असे. आता जवळपास सगळं फोनवर मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा, त्याचं निम्मं उत्तम काम दुसऱ्यांच्या नावावर आहे. कीथ जॅरेट, एल. शंकर, झाकीर हुसेन यांच्या तबकड्या गार्बारेकच्या यादीत वर दिसतीलच असं नाही. त्या नावाने शोधाव्या लागतात.

शफल बंद करा, हे तिघांपैकी एकानेही केलं नव्हतं. आणि निदान पहिल्या दोन-तीन बैठकींना हेडफोन लावा. ईसीएमच्या ध्वनिमुद्रणात शांततेला जागा असते. एखादा सूर संपल्यावर तो खोलीत विरत जाताना ऐकू येतो. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ते हाती लागत नाही.

पहिली पायरी: एकच तुकडा, तीनदा

1994 ची 'ऑफिशियम' लावा. त्यातला पहिलाच तुकडा, 'पार्चे मिही डोमिने'. पावणेसात मिनिटांच्या आसपासचा आहे. पूर्ण तबकडी आज ऐकायची नाही.

हिलियर्ड एन्सेम्बल या इंग्लंडच्या चमूचे चार पुरुष गायक, एकही वाद्य साथीला नाही आणि वर सोप्रानो, म्हणजे उंच सुराचा, सॅक्सोफोन. रचना क्रिस्तोबाल दे मोरालेस या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संगीतकाराची. शब्द लॅटिन, बायबलमधला ईयोब देवाला म्हणतोय, आता मला सोड. ध्वनिमुद्रण सप्टेंबर 1993 मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट गेरोल्डच्या मठात झालं. तिथे सूर लावला की तो दगडी भिंतींवरून फिरून परत येतो, आणि गायकांसह सॅक्सोफोनही त्या परत येणाऱ्या सुराची वाट बघतो. या तबकडीच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. अशा संगीताच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ विनोदी आहे.

आपल्या कानाला पहिल्यांदा काय वाटतं? चार गळ्यांची भरणी म्हणजे तंबोरे, आणि सॅक्सोफोन त्यावरचा आलाप. सुरुवातीला असंच धरून चाला, बिघडत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र यातली गोम कळते. तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. इथे पायाखालची जमीन सरकतेय. चौघे मिळून एक स्वरसंगती धरतात, सोडतात, दुसरीवर जातात. गार्बारेक ज्या सुरावर उभा आहे तो एका क्षणी घरचा असतो आणि तोच पुढच्या क्षणी परका होतो. तो घाईने सूर बदलत नाही. थोडा वेळ परकेपण सोसतो, मग सावकाश सरकतो. त्या सोसण्याच्या वेळातच सगळी मजा आहे.

तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा थेट आठव्या तुकड्यावर जा. तीच रचना, पण फक्त चार गायक, सॅक्सोफोन नाही. मोकळी सोडलेली जागा कानाला बोचते का बघा. मग पंधरावा तुकडा, पुन्हा तीच रचना, पुन्हा सॅक्सोफोनसह. बोचली असेल तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. नसेल बोचली, तर काही हरकत नाही, तबकडी छान आहे, तेवढीच ऐका.

दुसरी पायरी: सूर ओळखा

थोडं वाद्याविषयी. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण सूर निघतो तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून, म्हणून पाश्चात्त्य वर्गवारीत ते लाकडी सुषिर वाद्यांत बसतं. शहनाईला दुहेरी पत्ती असते, सॅक्सोफोनला एकेरी. आणि बासरीसारखी उघडी भोकं नाहीत, प्रत्येक भोकावर चावीने मिटणारी गादी आहे. चौरसिया बोट हळूहळू सरकवून मींड घेतात. सॅक्सोफोनवाल्याला ती सोय नाही. त्याने सूर वाकवायचा तो ओठांनी आणि गळ्याने. गार्बारेक हे ज्या सहजतेने करतो ते पाहून वाद्याला चाव्या आहेत हे विसरायला होतं.

तो मुख्यतः दोन सॅक्सोफोन वाजवतो, टेनर आणि सोप्रानो. सोप्रानो बहुतेक वादकांचा सरळ नळीसारखा असतो, याचा वाकडा, टेनरचं पिल्लू वाटावं असा. दोन्ही बी-फ्लॅटचे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा सा मुळात काळी पाचचा.

आता खुणा. पहिली खूण: सूर सरळ, कडक, कंप फार कमी. हिंदी सिनेमातल्या मनोहारी सिंगांच्या मखमली सॅक्सोफोनची सवय असलेल्या कानाला हा सुरुवातीला खरखरीत वाटेल. दुसरी: वाक्यं छोटी, आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर जागा. जॅझ म्हटलं की सुरांची फैर झडणार अशी आपली समजूत असते; इथे माणूस एक ओळ म्हणून गप्प बसतो. तिसरी: वरच्या सप्तकात तो ओरडतो. खरंच ओरडतो. घाटावर या टेकाडावरून त्या टेकाडावर गुराखी हाळी घालतो ना, तसा. नॉर्वेत डोंगरावर गुरं बोलावायच्या हाळ्यांची जुनी परंपरा आहे, आणि हे साम्य ऐकणारा मी काही पहिला नाही.

या तीन खुणा एकदा बसल्या की कुठल्याही गर्दीत तो अर्ध्या मिनिटात सापडतो.

तिसरी पायरी: जॅझच्या घरी

आता कीथ जॅरेटच्या नावाने शोधा. अमेरिकन पियानोवादक. 1970 च्या दशकात त्याची एक स्कँडिनेव्हियन चौकडी होती: स्वतः पियानोवर, गार्बारेक सॅक्सोफोनवर, पाले डॅनियलसन बेसवर, योन क्रिस्टेनसन ड्रम्सवर. 'बिलाँगिंग' 1974 ची, 'माय साँग' 1977 मध्ये ओस्लोत मुद्रित होऊन 1978 ला आली.

'माय साँग' पासून सुरुवात करा. शीर्षकाचाच तुकडा आणि 'कंट्री' हे दोन असे आहेत की संगीतातलं काहीही न कळणारा माणूसही ते गुणगुणत उठतो. 'कंट्री' तर एखाद्या गावच्या जत्रेतून परत येताना म्हणावं इतकं साधं आहे. जॅरेटच्या बोटांत इतकं सुचत असतं की त्याला आवरणं कठीण. गार्बारेक त्याला चाल सरळ म्हणून दाखवतो. मला ही जोडी जॅरेटच्या एकट्याच्या मैफलींपेक्षा जास्त आवडते. अनेकांना हे पटत नाही.

मग 'बिलाँगिंग'. तिथे टेनर जास्त रांगडा आहे. त्यातली 'लाँग अ‍ॅज यू नो यू आर लिव्हिंग युअर्स' ही चाल नीट ऐका. 1980 मध्ये स्टीली डॅन या अमेरिकन पॉप-रॉक जोडगोळीच्या 'गाउचो' या गाण्यात ती इतकी जवळून उमटली की जॅरेट कायदेशीर मार्गाने गेला, आणि शेवटी त्या गाण्यावर सहरचनाकार म्हणून त्याचं नाव लागलं. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी का होईना, पॉप ऐकणाऱ्या पोरांना इकडे ओढता येतं.

चौथी पायरी: मुळाशी (घाई नाही)

माझी स्वतःची सुरुवात इथून झाली आणि ती फसली. ईसीएमची सालवार यादी काढून त्यातली त्याची पहिली तबकडी लावली, 1970 ची 'आफ्रिक पेपरबर्ड'. चौथ्या मिनिटाला बंद केली आणि पुढची दोन वर्षं या माणसाच्या वाटेला गेलो नाही.

आता ती मला आवडते, पण आधी पार्श्वभूमी हवी. चौदा वर्षांच्या यानने रेडिओवर अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकला आणि सॅक्सोफोनचा हट्ट धरला. वाद्य हातात यायच्या आधीच पुस्तकावरून बोटांच्या जागा पाठ करून ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, हौशी जॅझवादकांची स्पर्धा जिंकला. तेव्हा स्कँडिनेव्हियात राहत असलेले अमेरिकन रचनाकार जॉर्ज रसेल यांनी या पोराला हेरलं आणि आपल्या वाद्यवृंदात घेतलं. दुसरा अमेरिकन पाहुणा होता ट्रम्पेटवादक डॉन चेरी. त्याने या नॉर्वेजियन मुलांना एक साधा प्रश्न घातला, तुमच्या घरचं संगीत कुठाय? तोवर हे सगळे न्यूयॉर्ककडे कान लावून बसले होते. चेरीचं नाव ध्यानात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

'आफ्रिक पेपरबर्ड' मध्ये तेवीस वर्षांचा, रागावलेला गार्बारेक आहे. सूर फाडतो, बास सॅक्सोफोनवर गुरगुरतो. सोबत गिटारवर तेर्ये रिपदाल, बेसवर आरिल्ड अँडरसन, ड्रम्सवर पुन्हा क्रिस्टेनसन. वरच्या सप्तकातली ती हाळी तुम्ही आता ओळखत असाल, तर इथल्या धुमाकुळातही ती ऐकू येईल. येत नसेल तर सोडा आणि त्याऐवजी 1974 ची 'विची-ताई-टो' लावा. शीर्षकाची चाल जिम पेपर या आदिवासी अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची, त्याच्या आजोबांकडून आलेल्या धार्मिक गाण्यावर बांधलेली. पाठोपाठ येतं चेरीचं 'डिझायरलेस', वीस मिनिटांचं. दोन-चार सुरांचा मुखडा घेऊन चौघे त्याच्यावर इतका वेळ कसे बसून राहतात, हे ख्याल ऐकणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाचवी पायरी: उत्तरेचं घर

चेरीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गार्बारेकला बरीच वर्षं लागली. तीन तबकड्या पुरेत.

'डिस', 1977. रात्री दिवे घालवून ऐकायची. गिटारवर राल्फ टाउनर, आणि तिसरा वादक म्हणजे वारा. नॉर्वेच्या समुद्रकाठी उभारलेली, वाऱ्याने आपोआप झंकारणारी तारांची वीणा होती. तिचं ध्वनिमुद्रण पार्श्वभूमीला घेतलंय. पहिल्याच तुकड्यात ती गुणगुण सुरू होते आणि सॅक्सोफोन तिच्यात शिरतो. पहिल्या पायरीवरच्या चार गळ्यांची आठवण इथे व्हायला हवी. मठ नव्हता, गायक नव्हते, तरी मांडणी तीच, सोळा वर्षं आधी. म्हणून तर 'ऑफिशियम' आल्यावर ज्यांनी 'हा एकदम चर्चकडे कसा वळला' म्हणून भुवया उंचावल्या, त्यांनी 'डिस' ऐकलेली नसावी असं मला वाटतं.

'रोसेन्सफोले', 1989. नॉर्वेतल्या टेलेमार्कची लोकगायिका आग्नेस बुएन गार्नोस हिने मध्ययुगीन नॉर्वेजियन गाणी म्हटलीत आणि गार्बारेकने भोवतीचं सगळं रचलंय. सॅक्सोफोन इथे मागे आहे, कधी कधी शोधावा लागतो. ओव्या आणि पोवाडे ऐकत वाढलेल्याला या लांबलचक कथागीतांची लय परकी वाटणार नाही. एकाच चालीवर कडव्यामागून कडवं, गोष्ट पुढे सरकतेय.

'आय टुक अप द रून्स', 1990. पहिली चाल 'गुला गुला' ही सामी गायिका मारी बोइने हिची. सामी म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातले मूळनिवासी, पूर्वापार रेनडिअर पाळणारे. त्यांच्या जोइकमध्ये माणसा'विषयी' गात नाहीत, त्या माणसालाच गातात, असं ते म्हणतात. इंगोर आंते आइलू गाउप या जोइक गायकाचा आवाजही या तबकडीवर आहे. इथे सिंथेसायझर बराच आहे आणि काही ठिकाणी तो जुना झालाय. सहन करा, चाली मोठ्या आहेत.

सहावी पायरी: आपल्या बाजूची घरं

माझे मित्र ज्या दारातून आत आले ते दार इतक्या उशिरा का? कारण इथे आपला कान इमानदार राहत नाही. ओळखीचा तबला लागला की आपण तबलाच ऐकतो, ओळखीची बासरी लागली की बासरीच. सॅक्सोफोन मग पंक्तीत आलेल्या परदेशी पाहुण्यासारखा, कौतुकाचा पण बाजूचा. आता पाच पायऱ्या चढून आल्यावर तसं होणार नाही.

सुरुवात 1985 च्या 'साँग फॉर एव्हरीवन' पासून. ही एल. शंकर यांची तबकडी. दोन माना आणि दहा तारा असलेलं त्यांचं दुहेरी व्हायोलिन खर्जापासून तारसप्तकापर्यंत जातं. तालाला झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू, दोघेही मुंबईचे, दोघांचाही जन्म 1951 चा. वर एक ड्रम मशीनही आहे, तो काळच तसा होता. पहिली चाल 'पेपर नट'. ती शिट्टीवर घेता येईपर्यंत ऐका, पुढे लागणार आहे. व्हायोलिन आणि सॅक्सोफोन एकच चाल एकत्र वाजवतात तेव्हा दोघांच्या मींडा कुठे जुळतात आणि कुठे थोड्या सुटतात याकडे कान द्या. शंकरांची गमक बोटातून येते, गार्बारेकचा वाक ओठातून. एकच वळण दोन वेगळ्या वाटांनी.

नंतर 'मेकिंग म्युझिक', मुद्रण डिसेंबर 1986, ओस्लो. आता चौथा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर यांची 'शक्ती' या त्यांच्या चमूपासूनची जुनी समज आहे, ते एकमेकांवर कुरघोडी करत लखलखतात. गार्बारेक त्या शर्यतीत उतरत नाही. काही समीक्षकी कान यालाच कमीपणा मानतात. मला तसं वाटत नाही. बासरी आणि सॅक्सोफोन एकामागून एक येतात ती ठिकाणं शोधा: चौरसियांच्या फुंकीत हवा आहे, ओलावा आहे, त्यावर हा कोरडा, धारदार सूर आला की दोन्ही उठून दिसतात. लिंबू पिळल्यावर वरण उठून दिसतं तसं म्हटलं तर चौरसियांचे भक्त रागावतील, पण म्हणतोच.

आणि आता 'रागाज अँड सागाज'. 1990 च्या मे महिन्यात ओस्लोत मुद्रित, 1992 ला प्रकाशित. गायक पाकिस्तानचे उस्ताद फतेह अली खाँ, पतियाळा घराण्याचे. धाकट्या वयापासून भाऊ अमानत अली यांच्याबरोबर जोडीने गाणारे, 2017 मध्ये गेले. आपल्याकडे पतियाळा म्हटलं की बडे गुलाम अली खाँ आठवतात. तीच तान, तीच लवचीक फिरत इथेही भेटते. सारंगीवर नाझिम अली खाँ, तबल्यावर शौकत हुसेन, काही ठिकाणी ड्रम्सवर फ्रेंच वादक मानू काचे. आणि एक कोवळा आवाज आहे, दीपिका नावाच्या मुलीचा. ओस्लोत वाढलेली ही मुलगी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती, उस्तादांकडे शिकत होती. तीच पुढे दीया खान या नावाने माहितीपट करू लागली आणि एमी पारितोषिकापर्यंत पोचली.

या तबकडीवर बैठक घालून बसावं लागतं. तुकडे पाच: चार राग आणि मध्ये एक 'सागा', गार्बारेकची स्वतःची रचना. ऐकताना तीन थर वेगळे करा. वर गळा. त्याच्या लगोलग सारंगी, गळ्याने जे केलं त्याची सावली धरणारी. ती तिची शेकडो वर्षांची नोकरी आहे. आणि तिसरा सॅक्सोफोन. तो सावली धरत नाही. उस्ताद तानेची माळ संपवतात, तिथे हा एकच लांब सूर ठेवतो. कधी रागातल्या चार सुरांची नुसती घडी घालून परत ठेवतो. रागाचं व्याकरण तो किती पाळतो हे मोजत बसाल तर निराश व्हाल, तो ख्यालिया असल्याचा आव आणतच नाही. त्याची साथ पुढच्या खोलीत बसलेल्या माणसासारखी आहे; भिंतीपलीकडून गाणं ऐकतोय आणि अधूनमधून स्वतःशीच गुणगुणतोय. काही जागी मला वाटतं की त्याने आणखी गप्प बसायला हवं होतं. 'सागा' मध्ये पारडं फिरतं. तिथे नॉर्वेजियन चालीत उस्ताद पाहुणे आहेत, आणि ते कसे शिरतात हे ऐकण्यासारखं आहे.

कुठे अडलात, तर आधी 'मदार' लावा. 1992 मध्ये मुद्रित, 1994 ला आली. ट्युनिशियाचे अन्वर ब्राहेम ऊदवर, तेच शौकत हुसेन तबल्यावर, आणि गार्बारेक. तीनच माणसं. पहिली लांब चीज नॉर्वेच्या पारंपरिक चालीवरची आहे, ऊदवर ती अरबी वाटते, तबला पडला की पंजाबी वाटायला लागते, सॅक्सोफोनने परत उचलली की पुन्हा डोंगरावर जाते. तिघांत मोकळी जागा इतकी आहे की कोण कधी आलं आणि गेलं हे सहज दिसतं. नवख्या कानाला मी आता हीच आधी देतो.

बाकीचं पटापट

ब्राझीलचे एग्बेर्तो जिस्मोंती आणि अमेरिकन बेसवादक चार्ली हेडन यांच्याबरोबरची 'फोक साँग्ज' जरूर ऐका, तिघेही उतावळे नाहीत. 'आफ्टेनलांड' मध्ये चर्चचा मोठा ऑर्गन आणि सॅक्सोफोन. एकदा ऐकून ठेवून दिलीत तरी चालेल. ग्रीक चित्रपट-संगीतकार एलेनी काराइंद्रू यांच्या संगीतातही तो वाजलाय, छान आहे, छोटं आहे. हिलियर्डबरोबर पुढे 'नेमोसिनी' (1999), आर्मेनियन संगीताकडे झुकलेली 'ऑफिशियम नोव्हम' (2010) आणि 2014 च्या मैफलीतली, 2019 ला आलेली 'रिमेंबर मी, माय डिअर' अशा तीन तबकड्या आहेत. माझा कौल 'ऑफिशियम नोव्हम' ला.

1990 च्या दशकातल्या त्याच्या स्वतःच्या चमूच्या तबकड्या, विशेषतः 'व्हिजिबल वर्ल्ड', अतिशय गुळगुळीत आहेत. माझा हॉटेलच्या लॉबीवाला मित्र तिथेच घसरला होता आणि त्याचं अगदीच चूक नव्हतं. शेवटी ऐका किंवा नका ऐकू.

शेवटची पायरी: मैफल

इतक्या वर्षांत स्वतःच्या नावावर त्याने मैफलीचं ध्वनिमुद्रण काढलं नव्हतं. ते आलं 2009 मध्ये, 'ड्रेस्डेन', दोन सीडी. पियानोवर राइनर ब्रुनिंगहाउस, बेसवर युरी डॅनियल, ड्रम्सवर मानू काचे. स्टुडिओतला तुळतुळीतपणा इथे नाही. माणूस साठीला आलेला आणि सूर पुन्हा 1970 सारखा फाटतोय. तबकडी कशाने उघडते माहितेय? 'पेपर नट' ने. शंकरांची ती चाल तुम्हाला शिट्टीवर येत असेल, तर इथे पहिल्या ओळीलाच ती ओळखाल, आणि व्हायोलिन नसताना तिचं काय होतं तेही दिसेल.

त्यानंतरच्या वर्षांत या चमूत ड्रम्सच्या जागी त्रिलोक गुर्टू आले. तालवाद्यांचा पसारा मांडून ते जमिनीवर बसल्यासारखे वाजवतात, अधूनमधून बोल म्हणतात, झांज पाण्यात बुडवतात. अशा मैफलींची चित्रणं शोधून बघा.

आणि तिथून घरी यायचा रस्ता आहे. त्रिलोक हे शोभा गुर्टूंचे चिरंजीव. ठुमरी-दादऱ्यातल्या शोभाताईंचा जन्म बेळगावचा, मेनकाबाई शिरोडकरांच्या त्या कन्या. 1988 मध्ये त्रिलोकनी 'उस्फ्रेट' नावाची तबकडी केली. गार्बारेक तिच्यात नाही. पण 'डिस' वरचे राल्फ टाउनर आहेत, 'पेपर नट' वाले शंकर आहेत, शोभाताई गायल्या आहेत, आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे.